बेत, उरेब आणि काज

गेलं वर्षभर मी माझे कपडे स्वतः शिवते आहे. या उद्योगाला सगळे 'शिवण' म्हणतात, मीही म्हणते. पण मशीनवर बसण्याचा वेळ त्यात थोडाच असतो. खरा वेळ जातो तो बेतण्यात. धुऊन वाळवलेलं, इस्त्री केलेलं कापड जमिनीवर पसरायचं, पन्हा मोजायचा, पुढचा भाग कुठे, पाठ कुठे, बाह्या उरलेल्या तुकड्यात बसतात का, छापातली फुलं सगळीकडे एकाच दिशेला येतात ना, हे सगळं ठरवायचं आणि मग खडूची रेघ ओढायची. एकदा कात्री फिरली की फिरली.

या ठरवण्याला मराठीनं 'बेतणे' हे क्रियापद दिलं आहे, आणि आपण रोज जो 'बेत' म्हणतो तो याच घरातला. जेवणाचा बेत, लग्नाचा बेत, पावसाळ्यात गडावर जायचा बेत. हिंदीत त्याचं भावंड 'ब्योंत' आहे आणि 'कतरब्योंत' म्हणजे काटकसर. मराठीत 'बेताची परिस्थिती' म्हणजे आहे तेवढ्यात भागवण्याची. 'बेतानं बोलणं' म्हणजे मोजकं. आणि 'जिवावर बेतलं' म्हणताना तर कात्री थेट जिवाशी येते. या सगळ्या वापरांत एक गोष्ट धरलेली आहे: कापड मोजकं आहे, ते वाढणार नाही, जे काय काढायचं ते यातूनच. इच्छा, योजना, संकल्प हे शब्द आपल्याकडे आहेतच, पण मर्यादेची जाणीव पोटात घेऊन आलेला शब्द 'बेत' हाच.

कृ. पां. कुलकर्ण्यांचा 'मराठी व्युत्पत्तिकोश' (१९४६) वर्षभर माझ्या मशीनशेजारीच पडून होता. एकेका कपड्याबरोबर एकेक शब्द चाळत गेले आणि हळूहळू एक गोष्ट स्पष्ट होत गेली. कपड्याच्या कुठल्या भागाचं नाव कुठल्या भाषेतून आलं हे पाहिलं, तर ते काम घरात होत होतं की दुकानात, सुईच्या टोकाशी होत होतं की मास्तरांच्या टेबलावर, हे बऱ्याचदा सांगता येतं. साधा सदरा घेतला तरी त्यात चार-पाच भाषांचे लोक एकमेकांशेजारी बसलेले दिसतात.

सगळ्यांत जुनी मंडळी सुईच्या आसपासची. 'शिवणे' आलं संस्कृत 'सिव्' धातूवरून. धातुपाठ त्याचा अर्थ 'तन्तुसन्ताने' असा देतो, म्हणजे तंतू सलग पुढे नेत राहणं. धावदोरा घालताना हात नेमकं हेच करत असतो. लॅटिनमधलं 'सुएरे' आणि इंग्रजीतलं 'सो' हे याच धातूचे दूरचे नातलग. त्या लॅटिन शब्दावरूनच डॉक्टरांचं 'सूचर' झालं. आपण मात्र जखमेलाही 'टाके'च घालतो आणि ते योग्यच आहे, कारण सुश्रुतानं सांगितलेल्या आठ शस्त्रकर्मांत 'सीव्य' म्हणजे शिवणं हे एक आहे. ऋग्वेदाच्या दुसऱ्या मंडलात राका या देवतेला विनवणी आहे की तिनं आपलं काम न तुटणाऱ्या सुईनं शिवावं. मला हे मागणं फार जवळचं वाटतं. जाड खादीची चार पदरी कड शिवताना सुई तुटते तेव्हा काय होतं, हे ते मागणं करणाऱ्याला नक्की ठाऊक होतं.

'सूत्र'ही याच कुळातलं. पाणिनीची सूत्रं, गणितातली सूत्रं, सभेचं सूत्रसंचालन, बातमीदाराची 'विश्वसनीय सूत्रं' या सगळ्यांच्या मुळाशी दोरा आहे. त्याचंच 'सुत्त' होऊन आपलं 'सूत' झालं. 'सूची'चं प्राकृतात 'सूई' होऊन आपली 'सुई' झाली, आणि 'सूची' मात्र पुस्तकाच्या शेवटच्या पानांवर जाऊन बसली.

पण या कुळातला माझा सगळ्यांत आवडता शब्द 'उसवणे'. 'सिव्'च्या आधी 'उत्' लागून तो तयार झाला: शिवलेलं वर उचलून सोडवणं. मराठी इथे फार नेमकी आहे. फाटतं ते कापड. उसवते ती शिवण. बाहीजवळ भोक दिसलं की घरातली जुनी बाई आधी बोटानं चाचपून पाहते आणि सांगते, "फाटलं नाही गं, उसवलंय." त्या एका वाक्यात निदान, उपचार आणि दिलासा सगळं असतं. अंगात नीट बसलेल्या जुन्या कपड्याचा नमुना काढायचा तर तो उसवावाच लागतो. टीप एकाआड एक कापत गेलं की शिवण उलगडते आणि हाताला सपाट तुकडे येतात. तेव्हा कळतं की खांद्याची रेघ आपण समजतो तशी आडवी नसते, बाहेरच्या बाजूला उतरती असते. शिवण शिकायचं तर आधी उसवायला शिकावं असं मी आता कुणालाही सांगेन.

कात्रीकडे वळलं की एक चमत्कारिक जोडी भेटते. संस्कृतात 'कृत्' नावाचे दोन धातू आहेत, उच्चाराला सारखे, अर्थाला वेगळे. एक 'छेदने', म्हणजे कापणं. दुसरा 'वेष्टने', म्हणजे पीळ देणं, गुंडाळणं. पहिल्यावरून 'कर्तरी', तिची 'कत्तरी', तिची 'कातर' आणि 'कात्री'. दुसऱ्यावरून 'कातणे'. म्हणजे कापसाच्या पेळूतून सूत काढणारं 'कातणे' आणि त्या सुताचं कापड झाल्यावर त्यावर चालणारं 'कातरणे' ही दोन टोकांची कामं. हजारो वर्षांत त्यांचे उच्चार इतके जवळ राहिले, तरी मराठी बोलणाऱ्याचा त्यात कधी घोटाळा झालेला मी ऐकला नाही. सापाची 'कात' आणि आपलं 'कातडं' ही पहिल्या घरातली. 'कृत्ति' म्हणजे सोलून काढलेलं चामडं, ते पांघरणारा शंकर 'कृत्तिवास'.

आणि ज्याच्यावर हे सगळं चालतं ते 'कापड' मुळात फार गरीब घरचं आहे. संस्कृत 'कर्पट' म्हणजे चिंधी, ठिगळाचं फडकं. असली फडकी पांघरून तीर्थयात्रा करणारा तो 'कार्पटिक', जुन्या मराठीतला 'कापडी', गंगेची कावड घेऊन चालणारा यात्रेकरू. 'वस्त्र', 'अंबर', 'वसन' असे भारदस्त शब्द असताना रोजच्या बोलण्यानं चिंधीचा शब्द उचलला आणि त्याला इतकं वर नेलं की आज पैठणीच्या दुकानाच्या पाटीवरही 'कापड दुकान' लिहिलेलं कुणाला खटकत नाही.

शिवणाऱ्या माणसाच्या नावाचीही अशीच गोष्ट आहे. शिवलेले कपडे आपल्याकडे बाहेरून आले, त्याआधी लोक नुसतं गुंडाळत होते, असं विधान अजून छातीठोकपणे केलं जातं. शब्द ते टिकू देत नाहीत. संस्कृतात शिंप्याला 'सौचिक' आहे, 'तुन्नवाय' आहे. अंगाला बेतून शिवलेल्या कपड्यांना 'चोल' आणि 'कंचुक' आहेत, आणि आपली 'चोळी' त्या 'चोल'चीच. 'तुन्नवाय' म्हणजे भोसकलेलं-फाटलेलं विणून देणारा. मनुस्मृतीत ज्यांच्या हातचं अन्न घेऊ नये म्हणून यादी दिली आहे, त्यात हा तुन्नवाय आहे. दुसऱ्याचं फाटलेलं सांधून देणाऱ्याला ही वागणूक! मराठीनं हा शब्द उचललाच नाही. तिनं उचलला 'शिल्पिन्'. त्याचा प्राकृतात 'सिप्पि' झाला आणि आपला 'शिंपी'. जो शब्द मूर्तिकाराला, तोच सुईवाल्याला. ही निवड कुणी बसून केलेली नाही, पण मला ती भाषेच्या थोर निवडींपैकी एक वाटते. नामदेवांना आपण 'नामा शिंपी' म्हणतो. पंजाबात शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात त्यांची पदं आहेत, तिथे ते 'छीपा' म्हणवतात. उत्तरेतला छीपा म्हणजे कापडावर छाप उठवणारा, त्यामुळे दोन शब्द कानाला सारखे लागले तरी व्युत्पत्तीनं ते एकच आहेत असं धरून चालू नये.

इथपर्यंत सगळं घरचं. टाका, टाचणं, दुमड, चुण्या, शिवण, ठिगळ, वाकळ, गोधडी: हातात सुई घेऊन उंबऱ्याशी बसलेल्या बाईला लागणारे शब्द मराठीनं बाहेरून फारसे आणले नाहीत. मास्तरांच्या टेबलाशी गेलं की हवा बदलते.

आमच्या गल्लीतल्या मास्तरांकडून मी गळ्याची पट्टी शिकले. मी कापडाच्या काठाला समांतर पट्टी आखत होते. ते म्हणाले, "ताई, सरळ नको. उरेबात काढा. सरळ पट्टी गळ्याला वळत नाही." कापडाचे उभे-आडवे धागे ताणले तर जेमतेम हलतात, पण त्यांना तिरकं, पंचेचाळीस अंशात धरून ओढलं की कापड रबरासारखं लांबतं. म्हणून गोल गळ्यावर बसवायची पट्टी नेहमी तिरकी काढतात. 'उरेब' फारसी आहे आणि त्याचा अर्थच तिरपा. शाळेतल्या शिवणाच्या पुस्तकापासून फुटपाथवरच्या मशीनपर्यंत हा शब्द जसाच्या तसा चालतो आणि भाषाशुद्धीची कुठलीही लाट त्याच्यापर्यंत पोचलेली नाही.

मग मी कान उघडे ठेवून बसायला लागले. कापडाची रुंदी तो 'पन्हा', फारसी 'पहना' म्हणजे रुंदी. उन्हाळ्यात पितो त्या पन्ह्याशी याचं काही नातं नाही. ते पानकातून आलं. आतलं 'अस्तर' फारसी. नाडी ओवायची ती नळी म्हणजे 'नेफा', फारसी. पण त्यात जी ओवायची ती 'नाडी' मात्र संस्कृत, मनगटातली नाडी आणि ही एकच. 'रफू' तिकडून आलं. 'विजार' ही अरबी 'इजार', पुढे 'व' लावून मराठी झालेली. 'सदरा' हा अरबी 'सद्र'वरून, म्हणजे छाती. छाती हा शरीराचा पुढचा, मानाचा भाग म्हणून त्याच शब्दावरून 'सदर' आणि अर्जातलं 'सदरहू' आलं. आणि 'दर्जी' हा शब्द मराठीनं शिंप्यासमोर फारसा चालू दिला नाही, पण तो ज्या फारसी 'दर्ज'वरून येतो, म्हणजे शिवण, सांधा, तो शब्द आपल्याकडे गवंड्यानं ठेवला. दगडी भिंतीच्या 'दरजा भरणं' म्हणजे दगडांमधले सांधे चुन्यानं किंवा सिमेंटनं बुजवणं. तिकडचा शिंपी इकडे गवंड्याच्या हाताखाली गेला.

माझा सगळ्यांत आवडता दुकानी शब्द 'चौबगला'. जुन्या पद्धतीच्या कुडत्यात बाही म्हणजे सरळ आयत असतो, मुंढ्याला गोलाई नसते. असं शिवलं तर हात वर केला की सगळा कुडता वर ओढला जातो. म्हणून काखेत एक छोटा चौकोनी तुकडा तिरका बसवतात. तो आडवा-उभा दोन्हीकडे ताण घेतो आणि हात मोकळा होतो. शिवताना त्याच्या चारही कोपऱ्यांवर टीप नेमक्या टोकाला थांबवून, सुई कापडात रुतवून ठेवून, मशीनचा पाय उचलून कापड फिरवावं लागतं. एक धागा पुढे गेलं तरी कोपऱ्यात चुणी येते. या पद्धतीत सगळे तुकडे सरळ रेषेत कापले जातात, कापड जवळजवळ वाया जात नाही. शब्द पाहा: 'चौ' आपला, संस्कृत 'चतुर्'मधून आलेला, 'बगल' फारसी. काखेतल्या तळहाताएवढ्या तुकड्यात दोन भाषा अशा शिवल्या आहेत की सांधा दिसत नाही.

यावरून 'शिवणकला फारसीतून आली' असा निष्कर्ष काढणं चूक आहे, हे वर म्हटलंच. शब्द येतो तेव्हा वस्तू आलेलीच असते असं नाही. बऱ्याचदा फक्त गिऱ्हाईक बदललेलं असतं. दरबारी पोशाख ज्यांनी घालायचा त्यांची भाषा फारसी होती, माप घेताना ती बोलली जात होती, आणि कारागिराला गिऱ्हाइकाची भाषा बोलावी लागते. घरी गोधडी शिवणाऱ्या बाईला ते गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून तिचे शब्द तसेच राहिले.

याच रांगेतला 'खिसा', फारसी 'कीसा' म्हणजे पिशवी. हिंदीनं त्यासाठी 'जेब' घेतला, म्हणून तिकडे जेबकतरा आणि आपल्याकडे खिसेकापू. पण या 'जेब'नं जगभर जो प्रवास केला तो सांगायलाच हवा. अरबीत 'जैब' म्हणजे मुळात कपड्याचा छातीवरचा उघडा भाग, गळा. आर्यभटानं इसवी सन ४९९च्या सुमारास वर्तुळाच्या अर्ध्या जीवेचं कोष्टक दिलं. 'ज्या' किंवा 'जीवा' म्हणजे धनुष्याची दोरी. हे गणित अरबीत गेलं तेव्हा 'जीवा'चं 'जीबा' झालं. अरबी लिपीत स्वर बहुधा लिहीत नाहीत, त्यामुळे उरली दोनच व्यंजनं, ज आणि ब. पुढच्या वाचकांना ओळखीचा शब्द दिसला, 'जैब'. बाराव्या शतकात लॅटिनमध्ये भाषांतर करणाऱ्यांनी त्याच अर्थाचा शब्द ठेवला, 'सायनस', कपड्याची छातीवरची घडी, खोळ. त्याचाच 'साइन'. दहावीच्या त्रिकोणमितीत आपण जे साइन थीटा घोकतो ते भाषेच्या हिशेबानं सदऱ्याचा गळा आहे.

हे मी आधी वाचलं होतं, पण यंदा पहिल्यांदा गोल मुंढ्याची बाही बेतताना अंगावर काटा आला. बाहीचा वरचा भाग कागदावर सपाट आखला की तो मधे उंच, दोन्ही बाजूंना उतरत जाऊन पुन्हा आडवा होणारा डोंगर दिसतो. एखादी गोल नळी तिरकी कापून उलगडली तर तिची कड नेमका ज्यावक्र होते, साइनचाच वक्र. दंड हा जवळपास नळीच आहे आणि मुंढा त्याला तिरका छेदतो. म्हणजे ज्या वक्राचं नाव कपड्याच्या गळ्यावरून पडलं, तो वक्र शिंपी कुणालाही न विचारता रोज बाहीच्या डोक्यावर आखतो.

गळ्याच्या खाली आलं की पोर्तुगीज भेटतात. 'काज' हा त्यांचा 'काझा', म्हणजे घर. पोर्तुगीजमध्ये बटणाच्या चिरेला बटणाचं घर म्हणतात. काजमधला ज आपण गाजरमधल्यासारखा दंत्य म्हणतो, तोही मूळ उच्चाराला धरूनच आहे. हा शब्द उसना का घ्यावा लागला याचं कारण कामातच आहे. आपली जुनी गुंडी दोऱ्याच्या किंवा कापडाच्या फासात अडकते. ती लावायला कापड चिरावं लागत नाही. बटण लावायचं तर धडधाकट कापडाला चीर पाडायची आणि ती चीर उसवू नये म्हणून तिच्या कडेनं गच्च टाके घालायचे. हे नवं कौशल्य होतं, म्हणून नवं नाव. 'इस्त्री'ही त्यांचीच, 'इस्तिरार' म्हणजे ताणणं. घरात ती बाई करते म्हणून तिचा 'स्त्री'शी संबंध जोडणारे बोधपट निदान आता तरी थांबावेत. आसगावचे गोमंतकीय पंडित सेबास्तियांव रोदोल्फो दालगादो (१८५५–१९२२) यांनी आशियाई भाषांतल्या पोर्तुगीज शब्दांचा मोठा कोश १९१३ साली प्रसिद्ध केला. असे शब्द एकत्र पाहायचे असतील तर अजूनही तोच आधार आहे. गोव्यात कोकणीनं बटणाचाही त्यांचाच शब्द घेतला, 'बुतांव'. घाटावर आपण इंग्रजी बटण लावलं.

इंग्रजीचं काय सांगावं, ती मशीनबरोबर आली. बॉबिन, शटल, कॉलर, कफ, झंपर. तरी मशीनच्या टाक्याला लोक 'टीप'च म्हणत राहिले. एक मात्र नोंदवण्यासारखं: साडी हे न शिवलेलं वस्त्र, आणि आज गल्लोगल्ली पाटी असते 'फॉल-पिको करून मिळेल'. 'पिको' हा फ्रेंच शब्द, बारीक टोक अशा अर्थाचा, लेसच्या कडेच्या नाजूक टोकांसाठी वापरला जाणारा. इंग्रजीतून तो आला आणि आता फ्रेंच कुणाच्या ध्यानीमनीही नसताना नऊवारीच्या कडेलाही बसला.

पुढच्या वर्षी बाराबंदी शिवायची आहे. तिला काज नाही, बटण नाही. नुसते बांधायचे बंद. या बंदांना जुन्या मराठीत 'कसे' म्हणत, अंगरख्याचे कसे, चोळीचे कसे, कसून बांधायचे म्हणून. तो शब्द आता बोलण्यातून गेल्यात जमा आहे. 'बंद' फारसी म्हणावा तर 'बांधणे' आणि 'बंध' संस्कृत, आणि दोन्ही मुळात एकाच आदिम धातूची लेकरं, त्यामुळे इथे थर वेगळे करता येत नाहीत. मास्तरांना विचारलं, तर ते म्हणाले की त्यांच्या वडिलांनी शिवल्या होत्या, त्यांनी स्वतः नाही. बंद कुठून कुठे जातात ते जुनी बाराबंदी मिळाली तर उसवून पाहू. ती शोधते आहे.